ढोल्याला केनल कफ झालाय: माहिती आणि अनुभव हवे आहेत

पाऊलवाट | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, तीन रात्री नीट झोप नाही, त्यामुळे लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

ढोल्या चार वर्षांचा लॅब्रडॉर. आम्हाला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं म्हणून त्याला पहिल्यांदाच बोर्डिंगला ठेवला. घरी आणला तेव्हा एकदम ठणठणीत होता. पाचव्या रात्री दीडच्या सुमारास विचित्र आवाजाने जाग आली. बघते तर मान पुढे ताणलेली, पाठीची कमान झालेली आणि घशातून भोंगा वाजावा तसा कोरडा खोकला. चार-पाच उबळी, मग ओकारी काढल्यासारखं, आणि शेवटी फरशीवर पांढरा फेस. मला वाटलं घशात काहीतरी अडकलंय. नवऱ्याने जबडा उघडून धरला, मी टॉर्च लावून आत बोटं घातली. काही सापडलं नाही. तो पाणी प्यायला, शेपटी हलवली आणि झोपला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

सकाळी डॉक्टरांनी गळ्याखाली श्वासनलिकेवर दोन बोटांनी हलकेच दाबलं, लगेच उबळ आली. ताप १०१.८ फॅरेनहाइट, म्हणजे कुत्र्यासाठी नॉर्मल. छाती साफ. "केनल कफ आहे, विश्रांती द्या, गळपट्टा काढा, दहा दिवस कुणात मिसळू देऊ नका, बिघडलं तर फोन करा" म्हणाले. अँटिबायोटिक दिलं नाही.

माझे प्रश्न:

त्याचं लसीकरणाचं पुस्तक पूर्ण भरलेलं आहे, एकही लस चुकलेली नाही. मग हे झालं कसं?

अँटिबायोटिक न देणं बरोबर आहे का?

आणि सगळ्यात जास्त मन खातंय ते हे. खोकला सुरू व्हायच्या आदल्या दोन संध्याकाळी तो मैदानात पाच-सहा कुत्र्यांबरोबर मनसोक्त खेळला. त्यांच्या घरी सांगावं का?

बोर्डिंगवाल्यांना फोन केला तर "आमच्याकडे कुणीच खोकत नाही" हे उत्तर. पण त्याला सोडायला गेलो तेव्हा आतून अगदी असाच आवाज येत होता. मी विचारलंही होतं. "तो भुंकून भुंकून दमलाय" असं सांगितलं, आणि मी विश्वास ठेवला.

---

मध्यरात्र | सोमवार, रात्री ११:०५

डिट्टो. आम्हीही हाड अडकलं म्हणून मध्यरात्री दवाखाना गाठला होता. पंधरा दिवसांत बरा झाला. काळजी करू नका, पण लक्ष ठेवा. मैदानातल्या लोकांना मात्र आजच सांगा.

---

श्वानवैद्य | मंगळवार, सकाळी ७:२०

पाऊलवाट, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतं.

केनल कफ हा एक आजार नाही. श्वसनमार्गाला त्रास देणारे बरेच जंतू आहेत आणि त्यांतला एक किंवा दोन-तीन मिळून जो खोकला आणतात त्याला हे सरसकट नाव पडलंय. जिवाणूंमध्ये मुख्य बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका. शिवाय मायकोप्लाझ्मा. विषाणूंमध्ये पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस टाइप २, श्वसनाचा कोरोनाव्हायरस, न्यूमोव्हायरस. कुत्र्यांचा फ्लूही याच गटात धरतात: एच३एन८ घोड्यांकडून आला आणि २००४ मध्ये फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये सापडला, तर एच३एन२ पक्ष्यांकडून आशियातल्या कुत्र्यांमध्ये शिरला आणि २०१५ मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली.

बोर्डेटेला हा आपल्या माणसांच्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा सख्खा नातेवाईक. म्हणून उबळींचा प्रकारही तसाच. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत लाटेसारखे हलत राहतात आणि धूळ, शेंबूड, जंतू वर घशाकडे ढकलतात. बोर्डेटेला नेमका या तंतूंना चिकटतो आणि त्यांची हालचाल बंद पाडतो. घरातला केर काढणाराच आजारी पडला की जे होतं ते होतं: कचरा साचतो, बाकीच्या जंतूंना रान मोकळं मिळतं. विषाणू आधी अस्तर सोलून ठेवतात, जिवाणू मागून येतो, असंही होतं. आणि अस्तर उघडं पडल्यामुळे गळपट्ट्याचा ताण, थंड हवा, धावपळ, पाहुणे आल्याचा आनंद, काहीही निमित्त पुरतं.

संसर्ग झाल्यापासून खोकला सुरू व्हायला साधारण दोन ते चौदा दिवस लागतात. म्हणून तो घरी आला तेव्हा ठणठणीत दिसला. आणि हो, खोकला सुरू व्हायच्या आधीपासून तो जंतू पसरवत असू शकतो. त्यामुळे मैदानातल्या लोकांना सांगायलाच हवं.

आता लसीचं. पुस्तकात डीएचपीपीआय असं लिहिलं असेल. डी म्हणजे डिस्टेंपर (विषाणूचा जीवघेणा आजार), एच म्हणजे हेपटायटिस (यकृताची सूज), पी पार्व्हो (आतड्यांचा विषाणूजन्य आजार), पीआय पॅराइन्फ्लुएन्झा. हेपटायटिससाठी जो विषाणू त्यात घालतात तो अ‍ॅडिनोव्हायरस टाइप २ असतो, म्हणजे त्या निमित्ताने खोकल्याच्या एका जंतूविरुद्धही संरक्षण मिळतं. पण बोर्डेटेला यात नाही. त्याची लस वेगळी, आणि ती सगळ्यांना सरसकट देत नाहीत. बोर्डिंग, शो, ट्रेनिंग क्लास, मैदान अशा ठिकाणी जाणाऱ्या कुत्र्यांना सुचवतात. पुस्तकात "कोरोना" दिसलं तर फसू नका. ती आतड्याच्या कोरोनाव्हायरसची लस आहे. श्वसनाचा कोरोनाव्हायरस वेगळाच आहे, २००३ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला, आणि आतड्याची लस त्याला चालत नाही.

अँटिबायोटिकबद्दल: ताप नाही, खातोय, खेळकर आहे, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड नाही, छाती साफ आहे, अशा कुत्र्याला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. यातलं एखादं लक्षण दिसलं तर मग डॉक्सिसायक्लिन हे सहसा पहिलं औषध असतं. ते दिलं तर गोळीपाठोपाठ थोडं अन्न किंवा पाणी जरूर द्या, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते.

---

कोरा_कागद | मंगळवार, सकाळी ९:१५

आमच्या ल्युसीला नाकातली लस दिली होती. दोन महिन्यांत केनल कफ झालाच. त्यामुळे माझा या लसीवरचा विश्वास उडालाय. लस देऊन आजार होणार असेल तर द्यायची कशासाठी?

---

श्वानवैद्य | मंगळवार, दुपारी १:५०

कोरा_कागद, तुमची नाराजी समजू शकतो. पण ल्युसीला किती दिवस खोकला होता?

---

कोरा_कागद | मंगळवार, दुपारी २:३०

चार-पाच दिवस. फार नव्हता. पण होता.

---

श्वानवैद्य | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मग लसीने तिचं काम केलं असण्याची बरीच शक्यता आहे. ही लस पार्व्होच्या लशीसारखी भिंत उभी करत नाही. आजार सौम्य करते, खोकल्याचे दिवस कमी करते, न्यूमोनियाची शक्यता कमी करते, आणि आजारी कुत्रा बाहेर टाकतो ते जंतूही कमी होतात. शिवाय वर लिहिलेल्या यादीतल्या मायकोप्लाझ्मा, न्यूमोव्हायरस, श्वसनाचा कोरोना यांच्यावर ती नाहीच. यादीतला दुसराच कुणी आला तर तिचा दोष काय?

लसीचे तीन प्रकार आहेत आणि हा फरक मालकांना कुणी समजावून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

नाकात थेंब टाकायची: अशक्त केलेले जिवंत जंतू. जिथून आजार शिरतो तिथल्याच अस्तरात संरक्षण तयार होतं, तेही लवकर, काही दिवसांत. एकच डोस, मग वर्षातून एकदा. बऱ्याचशा नाकातल्या लसींमध्ये पॅराइन्फ्लुएन्झाही असतो. अगदी लहान, तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांनाही चालणाऱ्या लसी आहेत.

तोंडातून गालात सोडायची: नाकात टाकू न देणाऱ्या कुत्र्यांसाठी सोपी. पण बऱ्याचशा फक्त बोर्डेटेलावर.

इंजेक्शनची: पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे. म्हणजे पुढच्या आठवड्यात बोर्डिंग असेल तर आज दिलेल्या पहिल्या इंजेक्शनवर विसंबून राहता येत नाही.

नाकातल्या लसीनंतर काही दिवस शिंका, थोडा खोकला, नाक गळणं हे होऊ शकतं. तो आजार नव्हे. मात्र अँटिबायोटिक चालू असताना ही लस घेतली तर लसीतले जंतूच मरतात आणि लस वाया जाते. डॉक्टरांना चालू औषधं सांगा.

---

पिंपळपान | मंगळवार, रात्री ९:४५

मी भटक्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात बरीच वर्षं स्वयंसेवक आहे. लसीवर खूप बोलणं होतं. मला हवेबद्दल बोलायचंय.

आमच्याकडे एका वर्षी निम्म्याहून जास्त कुत्री एकाच वेळी खोकत होती. थंडी म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या. दिवसातून दोनदा फरशी पुसत होतो, भांडी उकळत होतो, तरी रोज नवा पिंजरा खोकायला लागायचा. मग एका अनुभवी डॉक्टरांनी येऊन फक्त नाकाने वास घेतला आणि म्हणाले, "इथे लघवीचा वास डोळ्यांना झोंबतोय. तुम्हाला झोंबतोय तर चोवीस तास याच हवेत असलेल्यांच्या नळ्यांचं काय होत असेल?" लघवीतला अमोनिया श्वासनलिकेचं अस्तर आधीच सोलून ठेवतो. जंतूंना आयतं दार उघडं. निवाऱ्यात तासाला किमान दहा-बारा वेळा, शक्यतो त्याहून जास्त, सगळी हवा बदलली पाहिजे, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खिडक्या उघडल्या, बाहेर हवा फेकणारे पंखे बसवले, अंगाखाली जास्तीची अंथरुणं घातली. साथ एका दिवसात थांबली नाही, पण नवीन कुत्री खोकायची कमी झाली.

दुसरी गोष्ट, कामाचा क्रम. आधी पिल्लं, मग धडधाकट कुत्री, मग नव्याने आलेली, शेवटी आजारी. उलट क्रमाने गेलं की आपणच हातांवर आणि कपड्यांवर आजार वाटत फिरतो. आजाऱ्यांसाठी वेगळा अ‍ॅप्रन, वेगळी चप्पल, वेगळी भांडी.

तिसरी, ब्लीच. आधी साबणाने घाण काढायची, मगच ब्लीच, साधारण एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. लघवीवर तर अजिबात ओतायचं नाही, त्यातून विषारी वाफ निघते. आणि कुत्रा त्या खोलीत असताना नाही, कारण तो वास खोकल्यात तेल ओततो.

पाऊलवाट, पुढच्या वेळी बोर्डिंग निवडाल तेव्हा आत जाऊन उभ्या राहा आणि दोन मिनिटं फक्त श्वास घ्या. चकचकीत फरशीपेक्षा तो वास जास्त खरं सांगतो.

---

मध्यरात्र | मंगळवार, रात्री १०:०२

पिंपळपान, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ११:३०

मला इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. घाबरवायचं नाहीये कुणाला.

आमचा राघू नऊ आठवड्यांचा असताना घरी आला. आला तोच थोडा खोकत होता. ज्यांच्याकडून आणला ते म्हणाले "प्रवासाची हवा लागली". दोन दिवस खात होता, खेळत होता. तिसऱ्या दिवशी वाटी तशीच राहिली. मी म्हटलं नवीन घर आहे, रुळेल. संध्याकाळी झोपेत त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होताना दिसलं. मोजलं तर मिनिटाला साठच्या वर श्वास. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया. चार दिवस ऑक्सिजन, सलाइन, नेब्युलायझर. वाचला. आज तीन वर्षांचा आहे आणि हे लिहिताना माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय.

ती एक दुपार मी वाया घालवली. मोठ्या कुत्र्याचा "आपोआप बरा होणारा" खोकला पिल्लाच्या बाबतीत तसा धरू नका. पिल्लू खोकतंय आणि खात नाहीये, एवढं पुरे. निघा.

---

श्वानवैद्य | बुधवार, दुपारी ३:१५

रानजाई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. सगळ्यांनीच शिकून ठेवावं: कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली झाली की एक, असे श्वास तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मोठ्या कुत्र्यात झोपेतला आकडा साधारण पंधरा ते तीस असतो. पिल्लात थोडा जास्त असू शकतो. झोपेतही सतत तीसच्या वर राहू लागला किंवा रोजच्यापेक्षा चढत गेला तर थांबू नका. मोजायची सवय कुत्रा बरा असतानाच लावा, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा तुम्हाला ठाऊक असेल.

हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसणं, मान ताणून कोपरं बाहेर काढून श्वास घेणं, ताप १०३ च्या वर, जेवण सोडणं, कोरडा खोकला ओला आणि घरघरणारा होणं, यात सकाळची वाट पाहायची नाही. पिल्लं, म्हातारी कुत्री, गाभण कुत्री, आणि पग-बुलडॉगसारखी चपट्या नाकाची मंडळी यांच्या बाबतीत तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या संपर्कात राहा.

---

चष्मेवाली | बुधवार, संध्याकाळी ७:००

आमची चिंगी, पॉमेरेनियन, आठ वर्षांची. दोन महिने बदकासारखा आवाज काढून खोकायची. मी नेटवर वाचून केनल कफ ठरवून टाकलं आणि वाफ देत बसले. शेवटी निघालं श्वासनलिका चपटी होणं. लहान जातींमध्ये नळीच्या कूर्चा मऊ पडतात म्हणे. वजन कमी केलं, गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) लावला, औषध चालू आहे. तीन आठवड्यांत थांबला नाही तर तो केनल कफ आहे असं धरून बसू नका एवढंच सांगायचंय.

---

श्वानवैद्य | बुधवार, रात्री ८:४०

शंभर टक्के अनुमोदन. म्हातारा कुत्रा रात्री आडवा झाल्यावर खोकत असेल तर हृदय तपासा. आणि लसी न झालेला कुत्रा खोकतोय, डोळ्यांत चिपाड, नाक गळतंय, ताप, जुलाब, तर डिस्टेंपर आधी मनात यायला हवा. त्याची सुरुवात खोकल्यासारखीच होते आणि तो जीवघेणा आहे.

डिस्टेंपर आणि केनल कफ यांचा घोळ जुना आहे. डिस्टेंपरचा विषाणू कारे नावाच्या संशोधकाने १९०५ मध्ये दाखवला होता, पण अनेकांना तो पटला नाही. १९१० मध्ये फेरी नावाच्या संशोधकाला आजारी कुत्र्यांच्या श्वसनमार्गात आजचा बोर्डेटेला सापडला आणि त्याने डिस्टेंपरचं कारण तेच असं जाहीर केलं. दोन्ही एकाच कुत्र्यात, एकाच वेळी असायचे, मग चूक होणारच. आजही दवाखान्यात तीच चूक होऊ शकते, म्हणून आम्ही लसीकरणाचं पुस्तक आधी मागतो.

---

सायंतारा | गुरुवार, सकाळी ८:१०

घरात मुलांचं खोकल्याचं सिरप आहे. कुत्र्याला थोडंसं दिलं तर चालेल का? आणि आमच्याकडे मांजरही आहे, तिला होईल का?

---

श्वानवैद्य | गुरुवार, सकाळी ८:२५

सिरप अजिबात नको. काहींत पॅरासिटामॉल असतं, काहींत नाक मोकळं करणारी अशी औषधं असतात जी कुत्र्याच्या हृदयाला झेपत नाहीत, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृत निकामी होऊ शकतं. खोकला दाबायचं औषध कधी द्यायचं हेही छाती तपासून ठरवावं लागतं. ओला खोकला दाबला की कफ आतच साचतो.

मांजरांना बोर्डेटेला होऊ शकतो, कुत्र्याकडून मांजराकडे आणि उलटही. वाट्या, अंथरूण वेगळं ठेवा. मांजर शिंकायला लागलं तर दाखवा.

---

सायंतारा | गुरुवार, सकाळी ८:३१

बरं झालं विचारलं. खूप आभार. वडिलांची केमोथेरपी चालू आहे, त्यांना काही धोका?

---

श्वानवैद्य | गुरुवार, सकाळी ९:००

धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांमध्ये बोर्डेटेलाचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, क्वचित, पण आहेत. खोकणाऱ्या कुत्र्याला वडिलांच्या खोलीबाहेर ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना घरात काय चाललंय ते सांगा. नाकातली लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे ती दिल्यावर काही दिवस कुत्र्याने वडिलांचं तोंड चाटू नये. तुमच्या घरी लसीचा कोणता प्रकार बरा, हे वडिलांचा उल्लेख करून व्हेटना विचारा.

---

पाऊलवाट | शनिवार, दुपारी ४:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. ढोल्याचा खोकला आठव्या दिवशी आहे. उबळी दिवसाला वीसवरून पाच-सहावर आल्या. हार्नेस लावल्याने खूप फरक पडला. रात्री झोपायच्या आधी बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ कोंडून दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसते, मग दोनेक तास तरी शांत झोपतो. झोपेतला श्वास रोज मोजतेय, बावीस-चोवीस येतो.

मैदानातल्या सहाही घरांना सांगितलं. फोन करताना हात थरथरत होते. दोघांची कुत्री कालपासून खोकतायत. एकीने आभार मानले, तिला आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला लगेच वेगळं ठेवता आलं. दुसरे बरंच बोलले. बोलू दे. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता.

बोर्डिंगवाल्यांना पुन्हा फोन केला. भांडायला नाही. म्हटलं, तुमच्याकडून गेलेल्या बाकीच्या कुत्र्यांच्या घरी कळवाल का? "तसं केलं तर धंद्यावर परिणाम होईल" म्हणाले. मला त्यांनी आजार दिला याचा राग नाही. आजार कुठूनही येतो. पण त्यांनी त्या दिवशी एक शब्द खरा सांगितला असता तर मी ढोल्याला मैदानात नेलाच नसता, आणि आज दोन घरांतली झोप उडाली नसती.

---

पिंपळपान | शनिवार, संध्याकाळी ६:००

ते फोन करायला धीर लागतो, पाऊलवाट. आमच्या निवाऱ्यात आम्ही दारावर पाटीच लावतो: "सध्या आत खोकला आहे." लोक दोन आठवडे कमी येतात. पण नंतर तेच लोक परत येतात, कारण पाटी नसेल तेव्हा आत खोकला नाही याची त्यांना खात्री असते.

---

कोरा_कागद | शनिवार, रात्री ९:३०

ल्युसीची नाकातली लस पुढच्या महिन्यात पुन्हा घ्यायचं ठरवलंय. या धाग्यामुळे.

---

पाऊलवाट | (अकरा दिवसांनंतर) बुधवार, सकाळी ७:४५

अपडेट. शेवटची उबळ शुक्रवारी. पाच दिवस झाले, एकही नाही. तो दाराशी जाऊन मैदानाकडे तोंड करून बसतो, बघवत नाही. आता नेला तर चालेल का? आणि नाकातली लस कधी?

---

श्वानवैद्य | बुधवार, सकाळी १०:१०

उत्तम बातमी. पण अजून थोडं थांबा. खोकला थांबला म्हणजे जंतू संपले असं नाही. पॅराइन्फ्लुएन्झा साधारण आठ-दहा दिवसांत बाहेर पडायचा थांबतो, बोर्डेटेला मात्र काही कुत्रे कित्येक आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत टाकत राहतात. तीन महिने कुणी घरात बसवत नाही, म्हणून व्यवहार्य मध्यममार्ग असा: शेवटच्या खोकल्यानंतर दोन आठवडे गर्दीत नाही. तोवर आडवेळी, इतर कुत्री नसतील अशा रस्त्याने हार्नेसवर फिरवा. हुंगायला भरपूर वेळ द्या, पळवू नका. अस्तर पुरतं भरून यायला वेळ लागतो. त्यानंतरही पिल्लं आणि म्हातारी कुत्री यांच्यापासून अजून थोडे दिवस लांब ठेवलंत तर उत्तम.

लस तो पूर्ण बरा झाल्यावर, म्हणजे हे दोन आठवडे संपल्यावरच. या आजारातून मिळालेलं संरक्षण कायमचं नसतं. पुढच्या बोर्डिंगच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी.

---

नवीन_पाटी | बुधवार, रात्री १:४०

नमस्कार, आजच सदस्य झालोय. आमचा बीगल दहा दिवसांपूर्वी ट्रेनिंग क्लासला गेला होता. आत्ता अचानक खोकायला लागला, पांढरा फेस पडला. बायको म्हणतेय घशात काहीतरी आहे. काय करू?

---

पाऊलवाट | बुधवार, रात्री १:४८

जागीच आहे. घशात हात घालू नका, चावेल आणि घसा आणखी सुजेल. आधी बघा: उबळ संपल्यावर नीट श्वास घेतोय का? पाणी गिळतोय का? हिरड्या गुलाबी आहेत का? यातलं काहीही "नाही" असेल, किंवा पंजाने सतत तोंड ओरबाडत असेल, लाळ थांबत नसेल, तर खरंच काही अडकलेलं असू शकतं, आत्ताच निघा. सगळं ठीक असेल तर गळपट्टा काढा, दिवा मंद करा, झोपू द्या आणि झोपल्यावर श्वास मोजा. सकाळी दवाखान्यात आधी फोन करून "कुत्रा खोकतोय" असं सांगा. आत बसू नका, बाहेर गाडीत थांबा, तिथे पिल्लं असतात.

---

नवीन_पाटी | बुधवार, रात्री २:१५

हिरड्या गुलाबी. पाणी प्यायला. झोपलाय. सव्वीस. सकाळी आठला फोन करतो. ट्रेनरचा नंबरही काढून ठेवलाय, क्लासमध्ये अजून नऊ कुत्री आहेत.